आपली वस्ती जगायला कशी आहे, हे मोजायचं कसं

समजा, एका वस्तीत शंभर जणांना विचारलं, "तुमच्या आयुष्याला दहापैकी किती गुण द्याल?" सरासरी आली सहा. शेजारच्या वस्तीतही सहाच आली. पहिल्या वस्तीत बहुतेकांनी पाच, सहा किंवा सात सांगितले होते. दुसरीत निम्म्यांनी नऊ आणि निम्म्यांनी तीन. अहवालात दोन्ही वस्त्या सारख्याच दिसतील. प्रत्यक्षात दुसऱ्या वस्तीतली निम्मी माणसं हालात आहेत आणि त्यांचे तीन गुण शेजाऱ्यांच्या नवाखाली झाकले गेलेत.

वस्तीतलं जीवनमान आणि माणसांचं समाधान मोजायला निघालेल्या प्रत्येकाने हे पहिल्या दिवशीच मनात पक्कं करावं. वस्तीत सर्वांत अडचणीत कोण आहे आणि कशामुळे, हे दिसत नसेल तर मोजणी फुकट गेली. पुढची सगळी पद्धत याच एका कसोटीवर मांडली आहे. रहिवाशांचा गट, विद्यार्थी किंवा छोटी संस्था असेल, दहा-बारा स्वयंसेवक आणि तीन-चार महिने हाताशी असतील, तर हे काम नीट होतं.

## १. आधी निर्णय, मग प्रश्न

प्रश्नावली लिहायला बसण्याआधी एका कागदावर लिहा: ही मोजणी झाल्यावर कोण, कोणता निर्णय घेणार आहे? रस्त्यावरचे दिवे कुठे लावायचे, मोकळ्या जागेचं काय करायचं, एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी काही सुरू करायचं का, असं काहीतरी ठोस हवं. "माहिती असलेली बरी" हे उत्तर पुरेसं नाही. लोक तुम्हाला त्यांच्या दिवसातली वीस मिनिटं आणि मनातल्या काही गोष्टी देणार आहेत. त्या कशासाठी मागतोय, हे आपल्याला माहीत असलं पाहिजे.

प्रत्येक प्रश्नालाही हीच चाळणी लावा. उत्तर "हो" आलं तर काय करू आणि "नाही" आलं तर काय करू? दोन्ही वेळी आपण तेच करणार असू, तर प्रश्न खोडून टाका.

## २. हद्द आणि घरयादी

प्रशासनाने आखलेली प्रभागाची रेषा आणि लोकांच्या मनातली वस्ती या क्वचितच जुळतात. वस्तीच्या वेगवेगळ्या टोकांना राहणाऱ्या पंधरा-वीस जणांना कोरा नकाशा द्या आणि "तुमची वस्ती कुठून कुठपर्यंत?" असं विचारून रेघ काढायला सांगा. सगळ्या रेघा एकावर एक ठेवल्या की सामाईक भाग दिसतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, कोणत्या गल्ल्या इतरांनी आपल्या वस्तीत धरल्याच नाहीत, हेही दिसतं. त्या गल्ल्या हद्दीत घ्याच. रेषा सरकवली की आकडेही सरकतात, हे भूगोलाच्या अभ्यासकांना फार पूर्वीपासून माहीत आहे. एक गरीब रांग बाहेर ठेवली की वस्तीचे गुण आपोआप वाढतात, माणसांचं काही बरं न होता.

मग पायी फिरून घरयादी करा. दारं मोजा, इमारती नकोत. गच्चीवरची खोली, मागच्या बाजूची भाड्याची खोली, जिन्याखाली राहणारं कुटुंब, दुकानातच झोपणारे कामगार, डोक्यावर छप्पर नसलेली माणसं, सगळी यादीत आली पाहिजेत. जो यादीत नाही तो नमुन्यात, म्हणजे मुलाखतीसाठी निवडलेल्या घरांत, येणार नाही, आणि जो नमुन्यात नाही त्याचं दुःख अहवालात येणार नाही. कंटाळवाणं काम आहे, पण दोन दिवस जास्त लागले तरी इथे घाई करू नका.

शेवटी वस्तीचे चार-पाच उपविभाग पाडा: मुख्य रस्त्यालगतचा, आतला, नवा, जुना, जे तिथे खरोखर वेगळं असेल त्याप्रमाणे. नंतर याच तुकड्यांची तुलना करायची आहे.

## ३. दोन बाजूंनी मोजायचं

पाण्याचे तास, हवा, आवाज, दवाखान्याचं अंतर या बाहेरून मोजता येणाऱ्या गोष्टी. समाधान, भीती, एकटेपणा, आपलेपणा या ज्याच्या त्यालाच सांगता येणाऱ्या. दोन्ही का लागतात?

केवळ बाहेरच्या गोष्टी मोजल्या तर चकचकीत रस्त्यावरचा एकटेपणा निसटतो. केवळ मनातलं विचारलं तर दुसरा धोका आहे, आणि तो जास्त गंभीर आहे. अमर्त्य सेन यांनी वारंवार दाखवून दिलंय की दीर्घकाळ वंचित राहिलेला माणूस आपल्या अपेक्षा परिस्थितीपुरत्या आखूड करून घेतो. ज्या बाईला आयुष्यभर पहाटे उठून पाणी भरावं लागलं, ती "सगळं ठीक आहे" म्हणेल, आणि मनापासून म्हणेल. तिचे आठ गुण पाहून पाण्याचा प्रश्न सुटला असं म्हणणं हा तिच्यावर अन्याय आहे. सेन, जोसेफ स्टिग्लिट्झ आणि ज्याँ-पॉल फितुसी या अर्थशास्त्रज्ञांच्या आयोगाने २००९ मध्ये दिलेल्या अहवालातही वस्तुनिष्ठ आणि व्यक्तिनिष्ठ अशा दोन्ही मोजमापांचा आग्रह आहे.

निर्देशक, म्हणजे वस्तीची स्थिती दाखवणाऱ्या मोजता येणाऱ्या गोष्टी, निवडताना थोडे आणि नेमके घ्या. बारा ते पंधरा पुरे. त्यातले निम्मे तरी रहिवाशांकडून यावेत. अमेरिकेतल्या सिएटलमध्ये नागरिकांनीच निवडलेल्या निर्देशकांचा पहिला अहवाल १९९३ मध्ये निघाला. स्थानिक ओढ्यांत परतणाऱ्या जंगली सामन माशांची संख्या हा त्यातला एक निर्देशक होता. त्या एका आकड्यात पाणी, जंगल आणि बांधकाम असं सगळं येत होतं, शिवाय तो लोकांना जिव्हाळ्याचा होता. तुमच्या वस्तीत असा निर्देशक कदाचित "संध्याकाळी बाहेर खेळणारी मुलं" हा असेल. लोकांना विचारा: वस्ती सुधारली, हे तुम्हाला कशावरून कळेल? उत्तरं ऐकत बसावीत अशी असतात.

## ४. किती घरं आणि कोणती

दीडशे-दोनशे घरांची वस्ती असेल तर सगळीच घरं घ्या. मोठ्या वस्तीसाठी नमुना लागतो. १,२०० घरांची वस्ती असेल आणि ९५ टक्के विश्वासपातळीवर (म्हणजे अशा शंभर पाहण्यांतल्या साधारण ९५ वेळा) टक्केवारीत १० अंकांपर्यंतची चूक चालणार असेल, तर सुमारे ९० घरांची उत्तरं पुरतात. चूक ५ अंकांपर्यंत आणायची तर सुमारे २९० लागतात. चूक निम्मी करायला काम तिपटीहून जास्त वाढतं. हा हिशेब संपूर्ण वस्तीचा आहे. उपविभागांची तुलना करायची तर प्रत्येकात पुरेशी घरं हवीत, आणि लहान पण अडचणीतल्या भागात मुद्दाम जास्त घ्यावी लागतात. तसं केलं असेल तर एकूण आकडा काढताना त्या भागाला त्याच्या खऱ्या लोकसंख्येइतकंच वजन द्या.

निवड चिठ्ठ्यांइतकी निष्पक्ष हवी. दहापैकी सहा घरं उत्तर देतील असं धरलं, तर ९० उत्तरांसाठी १५० दारं लागतील. १,२०० भागिले १५० म्हणजे ८. एक ते आठमधला एक आकडा चिठ्ठी टाकून काढा, त्या क्रमांकाच्या घरापासून सुरुवात करा आणि पुढे दर आठवं घर घ्या. घरात दार उघडणाऱ्याला लगेच विचारू नका, कारण दार बहुतेक वेळा ठरावीक माणसंच उघडतात. ज्या प्रौढाचा वाढदिवस सर्वांत जवळ आलाय त्याच्याशी बोलायचं, असा साधा नियम ठेवा.

दार उघडलं नाही तर शेजारच्या घरात जायचं नाही. हा नियम स्वयंसेवकांना सर्वांत जड जातो, कारण शेजारचे हसून बोलावत असतात. पण बंद दारामागे कोण असतं? दोन पाळ्यांत काम करणारा, आजारी, घाबरलेला, नैराश्यात असलेला, नुकताच आलेला. म्हणजे ज्यांच्यासाठी मोजणी करायची तीच माणसं. वेगवेगळ्या वारी, वेगवेगळ्या वेळी किमान तीन-चार खेपा घाला. तरी दार बंदच राहिलं तर तशी नोंद करा आणि अहवालात उपविभागवार लिहा: इतक्या घरांपर्यंत पोचता आलं नाही.

## ५. काय आणि कसं विचारायचं

स्वतः नवे प्रश्न रचण्याची हौस आवरा. जगभर वापरून, तपासून घेतलेले प्रश्न उपलब्ध आहेत आणि त्यामुळे तुलनाही करता येते.

पहिला प्रश्न शिडीचा. हॅडली कँट्रिल या मानसशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही जागतिक पाहण्यांत वापरली जाते. ० ते १० पायऱ्यांची शिडी डोळ्यांसमोर आणा. सर्वांत वरची पायरी म्हणजे तुमच्यासाठी शक्य असलेलं सर्वांत चांगलं आयुष्य, सर्वांत खालची म्हणजे सर्वांत वाईट. आज तुम्ही कोणत्या पायरीवर आहात? कागदावर शिडीचं चित्र काढून न्या. आकड्यांची सवय नसलेली माणसंही त्यावर सहज बोट ठेवतात.

ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०११ पासून चार प्रश्न ठेवले आहेत: आयुष्याबद्दलचं समाधान, आपण करतो त्यात अर्थ वाटतो का, काल किती आनंदी होता, काल किती चिंतेत होता. चारही ० ते १० वर. त्यातला दुसरा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. कष्टाने थकलेला माणूस आनंद कमी सांगेल, पण आयुष्यात अर्थ भरपूर आहे असंही सांगेल. तो फरक कळला पाहिजे.

मानसिक स्वास्थ्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची पाच विधानांची प्रश्नावली आहे. गेल्या दोन आठवड्यांत उत्साही वाटलं का, शांत वाटलं का, झोपून उठल्यावर ताजंतवानं वाटलं का, अशी विधानं असतात आणि प्रत्येकाला ० ते ५ गुण. बेरजेला ४ ने गुणलं की १०० पैकी गुण मिळतात. ५० किंवा त्याहून कमी आले तर त्या व्यक्तीकडे लक्ष द्यायला हवं, असा इशारा समजतात. हा रोगाचा शिक्का नव्हे. पण हा प्रश्नसंच नेणार असाल, तर समुपदेशन कुठे मिळतं याची चिठ्ठी प्रत्येक स्वयंसेवकाच्या पिशवीत हवी. एखाद्याचं मन उघडायला लावायचं आणि "धन्यवाद" म्हणून निघून यायचं, हे चालणार नाही.

शेजारधर्म मोजण्यासाठी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट सॅम्पसन आणि सहकाऱ्यांची पद्धत घ्या. शिकागोतल्या ३४३ वस्त्यांतल्या ८,७८२ रहिवाशांच्या मुलाखतींवर आधारलेला त्यांचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. शाळा चुकवून मुलं कोपऱ्यावर रेंगाळत असतील तर शेजारी काही बोलतील का? तुमच्या दारासमोर मारामारी झाली तर कुणी मध्ये पडेल का? इथल्या माणसांवर विश्वास टाकता येतो का? जिथे परस्परविश्वास आणि मध्ये पडण्याची तयारी जास्त होती तिथे हिंसा कमी आढळली, गरिबीचा परिणाम हिशेबात धरल्यावरही.

क्रमाकडे फार लक्ष द्या. शिडीचा प्रश्न नेहमी सर्वांत आधी. अमेरिकेतल्या गॅलप या जनमत पाहणी संस्थेच्या रोजच्या पाहणीत राजकारणाबद्दलचे प्रश्न आधी विचारले की लोक आयुष्याला कमी गुण देतात, असं अर्थशास्त्रज्ञ अँगस डीटन यांना आढळलं. आधी कचरा आणि खड्ड्यांची यादी करायला लावली आणि मग "आयुष्य कसं चाललंय?" विचारलं, तर उत्तर खड्ड्यात पडणारच.

शब्द रोजचे ठेवा. "तुमच्या परिसरातील सुरक्षिततेच्या सद्यस्थितीबाबत आपण कितपत समाधानी आहात?" असं कुणी बोलत नाही. "अंधार पडल्यावर एकटीने या गल्लीतून जायला भीती वाटते का?" हे कळतं. एका प्रश्नात दोन गोष्टी नकोत, "पाणी आणि वीज नियमित येते का?" याला एक उत्तर नाही. छापण्याआधी दहा घरी चाचणी फेरी करा. ज्या प्रश्नावर माणूस "म्हणजे काय?" म्हणतो, तो बदला. आणि जमेल तेव्हा एकांतात बोला. नवरा किंवा सासू शेजारी बसलेली असताना मिळालेलं समाधानाचं उत्तर वेगळी खूण करून ठेवा.

## ६. पायी मोजणी

वस्तीचा नकाशा, घड्याळ, वही घेऊन फिरायला निघा. मोबाइल बराच उपयोगी पडतो, पण त्याच्या मर्यादा ओळखून.

अंतर सरळ रेषेत मोजू नका, चालून मोजा. साधारण निरोगी माणूस पाच मिनिटांत ४०० मीटर जातो, मात्र मध्ये भिंत, रूळ किंवा दुभाजक असेल तर नकाशावरचे २०० मीटर पायाखाली ८०० होतात. पादचाऱ्यांच्या सिग्नलसाठी बऱ्याच ठिकाणी सेकंदाला १.२ मीटर हा वेग धरतात. त्या वेगाने १२ मीटर रुंद रस्ता १० सेकंदांत पार होतो. ०.८ मीटर वेगाने चालणाऱ्या आजींना १५ सेकंद लागतात. म्हणून एक फेरी काठी घेऊन चालणाऱ्या व्यक्तीबरोबर, एक बाबागाडीबरोबर आणि एक चाकाच्या खुर्चीबरोबर करा. कुठे थांबावं लागलं, ती प्रत्येक जागा नकाशावर टिपा.

वाहनं मोजायला विसरू नका, त्यांचा संबंध मैत्रीशी आहे. नगररचनाकार डोनाल्ड अॅपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या तीन रस्त्यांची तुलना केली. एकावरून दिवसाला सुमारे २,०००, दुसऱ्यावरून ८,००० आणि तिसऱ्यावरून १६,००० वाहनं जायची. कमी रहदारीच्या रस्त्यावर माणशी सरासरी ३ मित्र त्याच रस्त्यावर राहणारे होते. जास्त रहदारीच्या रस्त्यावर ०.९.

आवाजासाठी एकच मोबाइल, त्याच जागा, त्याच वेळा ठेवा. मोबाइलचा आकडा अधिकृत म्हणून सांगता येणार नाही, पण दोन गल्ल्यांची तुलना करायला चालतो. जागतिक आरोग्य संघटनेने युरोपसाठी २०१८ मध्ये दिलेल्या शिफारशीत रस्त्यावरच्या वाहतुकीसाठी दिवस-संध्याकाळ-रात्र मिळून ५३ डेसिबल आणि रात्रीसाठी ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. डेसिबलची साधी सरासरी काढायची नसते. ५० आणि ७० डेसिबल सारख्याच वेळेसाठी असतील तर सरासरी ६० येत नाही, सुमारे ६७ येते, कारण मोजपट्टी लॉगरिदमची आहे, म्हणजे दर १० डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट होते.

हवेसाठी स्वस्त सेन्सर वापरणार असाल तर आधी काही दिवस तो जवळच्या अधिकृत केंद्राशेजारी ठेवून फरक पाहा. दमट हवेत हे सेन्सर जास्त आकडा दाखवतात. पीएम २.५, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म धूलिकणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा वर्षाच्या सरासरीला घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅम आणि २४ तासांच्या सरासरीला १५ अशी आहे. उन्हाळ्यात तापमान दुपारी मोजाच, पण रात्री दहालाही मोजा. दिवसभर तापलेल्या भिंती झोप कशी घालवतात, ते तेव्हा कळतं. झाडांसाठी शहरी वनांचे अभ्यासक सेसिल कोनाइनेंडाइक यांचा २०२१ मधला ३-३०-३०० हा नियम सोपा आहे: प्रत्येक घरातून ३ झाडं दिसावीत, वस्तीच्या ३० टक्के भागावर झाडांची सावली असावी आणि ३०० मीटरच्या आत बाग असावी.

शेवटी माणसं मोजा. डेन्मार्कचे वास्तुरचनाकार यान गेल यांनी १९६० च्या दशकात कोपनहेगनमध्ये हे काम पद्धतशीर सुरू केलं. ठरलेल्या जागी दर तासाला दहा मिनिटं उभं राहायचं, चालत जाणारे मोजायचे आणि सहाने गुणून तासाचा अंदाज काढायचा. बसलेले, खेळणारे, गप्पा मारणारे मात्र त्या क्षणी जितके दिसतील तितकेच मोजायचे, त्यांना गुणायचं नाही. बाया, पुरुष, मुलं, वृद्ध असे वेगळे रकाने करा. संध्याकाळी सातनंतर कोणता रकाना रिकामा होतो, ते पाहा. रिकाम्या रकान्यातली माणसं तुमच्या नमुन्यातल्या घरांमध्येच कुठेतरी आहेत. बाहेर का येत नाहीत, हे त्यांच्या उत्तरांत सापडतं.

## ७. आकडे वाचताना

सरासरी सर्वांत शेवटी काढा. आधी प्रत्येक प्रश्नाचा पसारा पाहा: शून्यापासून दहापर्यंत कोणत्या पायरीवर किती जण? मग खालच्या पायऱ्यांवर, म्हणजे चार किंवा त्याखाली, किती टक्के आहेत ते काढा. माझ्या मते अहवालाच्या पहिल्या पानावर हाच आकडा असावा. त्यानंतर स्त्री-पुरुष, वय, भाडेकरू-मालक, उपविभाग असं फोडून पाहा. अंतर कुठे मोठं आहे, तिथे बोट ठेवा.

छोट्या फरकांवर मोठी विधानं करू नका. ९० उत्तरं आणि उत्तरांचं प्रमाण विचलन (उत्तरं सरासरीपासून साधारण किती दूर पसरली आहेत, त्याचं माप) २ असेल, तर सरासरीभोवती दोन्ही बाजूंना साधारण ०.४ ची अनिश्चितता असते. दोन वर्षांच्या दोन पाहण्यांतला फरक ०.६ च्या आत असेल तर सुधारलं की बिघडलं, हे सांगता येत नाही. तसं स्पष्ट लिहा.

सगळं मिळून एकच निर्देशांक काढावा का? शक्यतो टाळा. काढायचाच असेल तर साध्या सरासरीऐवजी भूमितीय मध्य घ्या, म्हणजे गुणांची बेरीज न करता गुणाकार करून त्याचं मूळ काढा (दोन आकडे असतील तर वर्गमूळ). पाण्याला ९ आणि सुरक्षिततेला १ गुण असेल तर साधी सरासरी ५ येते, भूमितीय मध्य ३. एका गोष्टीतलं सुख दुसरीतलं हाल इतक्या सहज झाकू शकत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास निर्देशांकातही २०१० पासून हीच पद्धत आहे. कोणत्या विषयाला किती वजन, हे बंद खोलीत ठरवू नका. रहिवाशांना प्रत्येकी दहा बिया द्या आणि विषयांच्या वाट्यांत त्यांना हव्या तशा टाकू द्या.

आणि खाजगीपण. नाव-पत्ता एका वहीत, उत्तरं दुसरीकडे, जोडणारा क्रमांक फक्त एका जबाबदार माणसाकडे. एखाद्या गटात दहापेक्षा कमी माणसं असतील तर त्यांचा वेगळा आकडा छापू नका. "तिसऱ्या गल्लीतल्या एकट्या राहणाऱ्या दोन बायका" असं लिहिलं की सगळ्या वस्तीला नावं कळतात.

## ८. दारांकडे परत

अहवाल कुठेही पाठवण्याआधी वस्तीत दाखवा. भिंतीवर मोठे नकाशे लावा, शेजारी पेन ठेवा. "इथे रात्री दिवा बंद असतो म्हणून, गुन्ह्यांमुळे नाही" असं कुणीतरी लिहून जाईल आणि तुमचा आख्खा निष्कर्ष बदलेल. सभा दोन वेळा घ्या, एक दुपारी आणि एक रात्री, म्हणजे पाळीवर जाणारेही येतील. जे घराबाहेर पडत नाहीत त्यांच्याकडे एक पानाचा सारांश घेऊन जा आणि वाचून दाखवा.

पुढची मोजणी वर्षभराने त्याच महिन्यात, त्याच प्रश्नांनी, त्याच क्रमाने, त्याच जागांवर उभं राहून करा. मध्ये काही बदल केला असेल, समजा दिवे लावले, तर जिथे लावले नाहीत अशी एक गल्लीही मोजा, नाहीतर सुधारणा दिव्यांमुळे झाली की आणखी कशामुळे, हे कळणार नाही. आणि न उघडलेल्या दारांची यादी जपून ठेवा. पुढच्या वर्षी सर्वांत आधी तिथे जायचं आहे, आणि शक्य असेल तर त्या गल्लीतल्याच कुणाला तरी स्वयंसेवक म्हणून बरोबर घेऊन.